विंगेतला प्रॉम्प्टर

माणूस दिवसभर वर्गवारी करत असतो. भाजी निवडताना कोवळी भेंडी एकीकडे, जून भेंडी दुसरीकडे. दुकानदार गल्ला मोजताना फाटकी नोट बाजूला काढतो. टपाल कचेरीत गावागावांच्या खणांत पत्रं पडत जातात. मास्तर पेपर तपासून दोन गठ्ठे करतात. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण काही करतो आहोत याची जाणीवही नसते. पण हेच काम यंत्राकडून करून घ्यायचं म्हटलं की ते किती अवघड आहे ते कळतं. त्यातही निवडायची वस्तू भेंडी नसून भाषा असेल, तर विचारायलाच नको.

आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे त्याचं नाव 'प्रॉम्प्ट ट्यूनिंग'. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. मग संगणकाच्या या भानगडीत मी का पडावं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर सोपं आहे. हा विषय वरून गणिताचा दिसला तरी आतून भाषेचा आहे. एखादं वाक्य वाचण्याआधी कानावर काय पडलं, यावर त्या वाक्याचा अर्थ कसा बदलतो, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. मुशायऱ्यात निवेदकाची दोन वाक्यं पुढच्या शेराची हवा बदलून टाकतात, हे ज्यानं अनुभवलं आहे त्याला हा विषय परका वाटू नये.

आपण एक साधं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून राहू. एका नगरपालिकेकडे रोज शेकडो तक्रारी येतात अशी कल्पना करा. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, सफाई असे चार विभाग आहेत. प्रत्येक तक्रार वाचून ती योग्य विभागाकडे धाडायची आहे. कारकुनाचं हे काम यंत्राला जमेल का?

जुनी रीत शब्दांच्या यादीची होती. 'पाणी' किंवा 'नळ' हा शब्द आला की पाणीपुरवठा, 'खड्डा' आला की रस्ते. पहिल्या दहा तक्रारींत हे छान चालतं. अकरावी येते ती अशी : "पाण्यासारखा पैसा ओतलात, तरी रस्ता तसाच." यंत्र पाणी शब्द पाहतं आणि कागद पाणीपुरवठ्याकडे पाठवून देतं. बारावी येते, "गल्लीत पाणी साचून डास झालेत." इथे पाणी आहे, पण काम सफाईचं आहे. तेरावा एखादा वैतागलेला नागरिक लिहितो, "वा! काय रस्ता केलाय! रिक्षात बसून घोडेस्वारीचा आनंद मिळतो." यंत्र त्याची गणती अभिनंदनाच्या पत्रांत करून मोकळं होतं. भाषा शब्दांत असते हे खरं, पण सगळी शब्दांत नसते. ती शब्दांच्या शेजारपाजारात असते.

हा शेजार यंत्राला कसा शिकवायचा? त्यासाठी जी युक्ती कामी आली ती आपण सगळ्यांनी शाळेत सोडवलेली आहे : रिकाम्या जागा भरा. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ साली या प्रश्नप्रकाराचा उपयोग एखादा उतारा वाचायला किती सोपा वा कठीण आहे हे मोजण्यासाठी करून दाखवला होता. पासष्ट वर्षांनी, २०१८ साली, गूगलच्या संशोधकांनी 'बर्ट' नावाचं मॉडेल तयार केलं, तेव्हा त्याला शिकवण्याची मुख्य रीत हीच ठेवली. पुस्तकं आणि विश्वकोशातला अफाट मजकूर घ्यायचा, त्यातले काही शब्द झाकायचे आणि यंत्राला म्हणायचं, ओळख पाहू. चुकलं की आतले आकडे किंचित हलवायचे. पुन्हा विचारायचं. असं कोट्यवधी वेळा.

हे आतले आकडे म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक शब्दाला किंवा शब्दाच्या तुकड्याला आकड्यांची एक लांबलचक माळ दिलेली असते. 'गटारातल्या' यासारखा शब्द बहुधा दोन-तीन तुकड्यांत मोडला जातो आणि प्रत्येक तुकड्याची अशी स्वतंत्र माळ असते. शेजारच्या शब्दांच्या माळा एकमेकींवर किती परिणाम करतील, हे ठरवणारे आणखी पुष्कळ आकडे मॉडेलच्या पोटात असतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. शेजाऱ्यांकडे असं लक्ष देण्याची जी रचना आज सगळीकडे वापरली जाते, ती २०१७ साली आठ संशोधकांच्या एका निबंधातून पुढे आली. त्यांत आशिष वासवानी आणि निकी परमार ही दोन भारतीय नावं आहेत. परमार यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालेलं. बर्टच्या लहान आवृत्तीत असे अकरा कोटी आकडे होते, मोठीत चौतीस कोटी.

रिकाम्या जागा भरता भरता या मॉडेलच्या आकड्यांत भाषेची पुष्कळशी जाण मुरते. 'पाण्यासारखा पैसा' यातलं पाणी नळाचं नाही, हे त्याला कुणी व्याकरणाच्या पुस्तकातून सांगितलेलं नसतं. अशी हजारो वाक्यं नजरेखालून गेल्यामुळे त्या शब्दाचे आजूबाजूचे सोबती वेगळे आहेत, एवढं त्याला उमगतं. याला आधीच शिकवलेलं मॉडेल म्हणायचं. मात्र त्याला तुमच्या नगरपालिकेचे चार विभाग ठाऊक नसतात. पदवी मिळाली आहे, पण नोकरीच्या जागचं काम अजून कळायचं आहे, अशी त्याची अवस्था असते.

हे कामाचं शिक्षण द्यायची पहिली रीत अशी : हाताने वर्गवारी केलेल्या तक्रारी त्याला दाखवायच्या आणि चुकेल तसे त्याच्या पोटातले सगळेच्या सगळे आकडे थोडेथोडे हलवायचे. उत्तरं चांगली येतात, पण खर्च मोठा. गूगलच्या 'टी-फाइव्ह' या मॉडेलच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत अकरा अब्ज, म्हणजे अकराशे कोटी, पॅरामीटर आहेत. प्रत्येकाला दोन बाइट जागा धरली तरी बावीस गिगाबाइट झाले. तक्रारींच्या वर्गवारीसाठी सगळे आकडे हलवले की ही एक प्रत तयार झाली. उद्या ग्रंथालयाला पुस्तकांची विषयवार विभागणी हवी असली, तर दुसरी बावीस गिगाबाइटची प्रत. वर्तमानपत्राला वाचकांच्या पत्रांची छाननी हवी असली, तर तिसरी. शंभर कामं म्हणजे शंभर हत्ती दाराशी बांधायचे. शिवाय हाताशी पाचपन्नास नमुनेच असतील आणि हलवायचे आकडे अकराशे कोटी, तर यंत्र काम शिकण्याऐवजी तेवढे नमुने घोकून ठेवण्याचीही भीती असते.

इथे माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. प्रॉम्प्ट. मराठी माणसाला हा शब्द संगणकानं शिकवलेला नाही, तो आपल्याकडे नाटकातून आला. विंगेत हातात संहिता घेऊन उभा असलेला प्रॉम्प्टर आठवा. नटाला सगळी भूमिका पाठ असते. एखाद्या क्षणी गाडी अडते. विंगेतून हलकेच दोन शब्द येतात आणि नट पुढची दोन पानं धडाधड म्हणून जातो. प्रॉम्प्टरनं त्याला अभिनय शिकवलेला नसतो. जे आत होतं त्याला वाट करून दिली, इतकंच.

मोठ्या भाषा-मॉडेलांच्या बाबतीत हेच करता येतं, हे २०२० साली ठळकपणे पुढे आलं. त्या वर्षी 'ओपन ए-आय' या अमेरिकी संस्थेनं 'जीपीटी-थ्री' हे मॉडेल जाहीर केलं. त्यात १७५ अब्ज पॅरामीटर होते. त्यातला एकही न हलवता, नुसती सूचना आणि सोबत दोनचार नमुने आधी लिहून दिले, तरी ते पुष्कळ कामं करू लागलं. त्याच सुमारास जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठाचे टिमो शिक आणि हिनरिक श्युट्झे यांनी वर्गवारीचा प्रश्नच रिकाम्या जागेत बदलून दाखवला. आपल्या उदाहरणात सांगायचं तर तक्रार लिहायची आणि तिच्याखाली जोडायचं : "ही तक्रार ______ विभागाची आहे." मॉडेलला रिकाम्या जागा भरायची सवय आहेच. त्यानं 'पाणी' भरलं तर एक खण, 'रस्ता' भरलं तर दुसरा. कोणता शब्द म्हणजे कोणता खण, हा तक्ता आपण आधी ठरवून ठेवायचा. तरही मुशायऱ्यात ओळ आणि यमकाची जमीन आधी देऊन ठेवतात आणि शायर त्या जमिनीतच गझल बांधतो, तसंच हे.

यातली अडचण कवीला लगेच कळावी. शब्द बदलला की परिणाम बदलतो. "ही तक्रार कशाची आहे?" असं विचारलं तर एक उत्तर, "खालील मजकूर कोणत्या विभागाचा?" असं विचारलं तर दुसरं. नमुन्यांचा नुसता क्रम बदलला तरी निकाल बदलतो, असं संशोधकांना आढळलं. म्हणजे योग्य शब्द सापडेपर्यंत माणसानं चाचपडत बसायचं. विंगेतून नेमके कोणते दोन शब्द टाकले की हा नट नीट चालेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये गूगलच्या ब्रायन लेस्टर, रामी अल्‌-रफू आणि नोआ कॉन्स्टंट यांनी जो उपाय मांडला, तो म्हणजे प्रॉम्प्ट ट्यूनिंग. त्याच वर्षी जानेवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या झियांग लिसा ली आणि पर्सी लियांग यांनी याच जातीची एक पद्धत मांडली होती आणि मार्चमध्ये चीनमधल्या संशोधकांची आणखी एक आली. पण लेस्टर आणि सहकाऱ्यांची रीत सगळ्यांत साधी, म्हणून तीच समजून घेऊ.

त्यांचा विचार असा. मॉडेलला शेवटी शब्द लागतच नाहीत, शब्दांच्या जागी आकड्यांच्या माळा लागतात. मग प्रॉम्प्ट शब्दांचाच हवा असा हट्ट कशाला? मजकुराच्या आधी आपण काही कोऱ्या माळा ठेवू. त्या कोणत्याही शब्दाच्या नसतील. त्यांतले आकडे कोणते असावेत, हे यंत्रालाच नमुन्यांवरून शोधू द्या.

हे घडतं कसं, ते पायरीपायरीने सांगतो. पहिली पायरी, मॉडेलच्या पोटातल्या सगळ्या आकड्यांना कुलूप घालायचं. नटाला हात लावायचा नाही. दुसरी, तक्रारीच्या मजकुरापुढे समजा पाच कोऱ्या माळा जोडायच्या. तिसरी, मॉडेलला उत्तर विचारायचं. 'पाणी' यायला हवं होतं आणि 'रस्ता' आलं, तर चूक किती झाली हे मोजायचं. चौथी, ती चूक उलट्या दिशेनं मागे मागे नेत, त्या पाच माळांतला कोणता आकडा किंचित वर वा खाली केला असता तर चूक कमी झाली असती, हे गणितानं काढायचं. पाचवी, तेवढेच आकडे तेवढेच हलवायचे. मग पुढची तक्रार. गायकानं बैठकीआधी तंबोरा जुळवावा तसं हे आहे. गळ्याला धक्का नाही, खुंटी जराशी पिळायची, कान द्यायचा, पुन्हा पिळायची. इंग्रजीतला ट्यूनिंग हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

आता हिशेब पाहा. त्या सर्वांत मोठ्या टी-फाइव्ह मॉडेलमध्ये एका माळेत ४,०९६ आकडे असतात. पाच माळांचे झाले २०,४८०. कुठे अकराशे कोटी आणि कुठे साडेवीस हजार! पाच लाखांहून अधिक पटींनी कमी. म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळा हत्ती बांधायची गरज राहिली नाही. हत्ती एकच, प्रत्येक कामाचा अंकुश तेवढा वेगळा. तक्रारींचा एक छोटा प्रॉम्प्ट, पुस्तकांचा दुसरा, पत्रांचा तिसरा. एकाच मॉडेलकडे एकाच वेळी तिन्ही कामं मिसळून देता येतात, कारण प्रत्येक मजकुरानं आपला प्रॉम्प्ट सोबत आणलेला असतो.

पण मोठ्या मॉडेलवरचे हे निकाल वाचून हुरळून जाऊ नये. 'सुपरग्लू' नावाच्या आठ कसोट्यांच्या संचावर त्यांनी ही रीत तपासली. त्यात लहान मॉडेलांवर ही पद्धत सगळे आकडे हलवण्याच्या जुन्या रीतीपेक्षा बरीच मागे पडली. मॉडेल जसजसं मोठं होत गेलं तसतसं अंतर कमी झालं आणि अकरा अब्जांच्या मॉडेलवर दोन्ही रीती बरोबरीला आल्या. यात तर्क आहे. नटाचं पाठांतर कच्चं असेल तर प्रॉम्प्टर कितीही हुशार असला तरी दोन शब्दांनी नाटक उभं राहत नाही. लहान मॉडेलांची ही उणीव भरून काढण्यासाठी, नुसत्या सुरुवातीलाच नव्हे तर मॉडेलच्या प्रत्येक थरात अशा माळा घालण्याची सुधारणा नंतर आली.

आणखी दोन गोष्टी त्यांना दिसल्या. माळांची सुरुवात कसल्याही अर्थहीन आकड्यांपासून करण्यापेक्षा खणांच्या नावांपासून, म्हणजे आपल्याकडे 'पाणी', 'रस्ता' अशा शब्दांच्या माळांपासून केली, तर लहान मॉडेलांत फायदा होतो. सर्वांत मोठ्या मॉडेलात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. दुसरं असं की, वीसपेक्षा जास्त माळा जोडून पदरात फारसं काही पडत नाही. विंगेतून सगळं नाटक वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, हे रंगभूमीवरच्या माणसांना ठाऊक असतंच.

आज ही एकच रीत वापरात आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साध्या शब्दांत सूचना देणं घरोघरी पोहोचलं. तंत्रज्ञांच्या हातात २०२१ सालचीच 'लोरा' नावाची, मॉडेलच्या आत छोटे जोड लावण्याची पद्धत जास्त रुळली. पण 'मोठं ज्ञान कुलपात ठेवा आणि लहानसा भाग शिकवा' हा विचार या सगळ्यांत एकच आहे, आणि प्रॉम्प्ट ट्यूनिंगमध्ये तो सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

आता मराठीपुरतं बोलू. मूळचं टी-फाइव्ह मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेलं होतं. त्याचं बहुभाषी भावंड 'एम-टी-फाइव्ह' १०१ भाषांवर शिकलं आणि त्यांत मराठी आहे. गूगलच्या 'मुरिल' या मॉडेलमध्ये सतरा भाषा आहेत, त्यांतही मराठी आहे. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या गटानं तर खास मराठीवर शिकवलेली मॉडेलं केली. २०२१ साली या गटानं सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट गोळा करून त्यांवर होकारार्थी, नकारार्थी आणि तटस्थ असे शिक्के मारून तो संग्रह खुला केला. द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठी त्यांनीच पंचवीस हजारांहून अधिक ट्वीटांचा दुसरा संग्रह केला. त्यात द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नाही असे चार खण आहेत. हे काम मोलाचं आहे. कारण मराठीत मजकूर पुष्कळ आहे, पण माणसानं वाचून शिक्का मारलेला मजकूर थोडाच आहे. जिथे शिक्के थोडे, तिथे थोड्या आकड्यांत भागवणाऱ्या पद्धतीचं महत्त्व जास्त. तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या लहान वर्तमानपत्राला अकराशे कोटी आकडे हलवणं परवडणारं नाही. मॉडेल दुसऱ्यानं सांभाळलेलं असलं आणि प्रॉम्प्ट शिकवण्यापुरता त्यात शिरकाव मिळत असला, तर काही हजार आकड्यांची आपली फाइल करणं आवाक्यातलं आहे.

मात्र शिक्का मारणारा शेवटी माणूसच. कोकणात एखादी आजी दाराशी आलेल्या नातवाला म्हणते, "मेल्या, किती दिवसांनी आलास!" हे वाक्य कोणत्या खणात टाकाल? यादीवाल्या यंत्राला ती शिवी वाटेल. शिक्का मारणारा तरुण कोकण न पाहिलेला असेल, तर त्यालाही वाटेल. आणि त्यानं मारलेला शिक्का प्रॉम्प्टच्या त्या माळांत जाऊन बसेल. गझलेत 'काफिर' म्हणजे लाडानं म्हटलेली प्रेयसी, 'कातिल' म्हणजे तिची नजर, आणि शायर तर दर दुसऱ्या शेरात कत्ल होत असतो. द्वेषपूर्ण मजकूर शोधायला बसवलेलं यंत्र या शब्दांचं काय करील, ही काळजी माझ्यासारख्याला वाटणं साहजिक आहे. अम्मी, खाला, दुआ, कबर हे शब्द ज्या घरात रोजच्या मराठीत मिसळलेले आहेत, त्या घरातलं वाक्य यंत्राला 'वेगळं' वाटलं तर त्या वेगळेपणाचा अर्थ ते काय लावील?

ही नुसती शंका नाही. २०२१ साली अबूबकर अबिद, माहीन फारूकी आणि जेम्स झू यांनी जीपीटी-थ्रीची एक चाचणी प्रसिद्ध केली. दोन मुसलमान अमुक ठिकाणी शिरले, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य अर्धवट सोडून त्यांनी मॉडेलला ते पूर्ण करायला सांगितलं. शंभरपैकी सहासष्ट वेळा पुढची गोष्ट हिंसेची निघाली. इतर धर्मांच्या नावांनी तसं इतक्या वेळा होत नव्हतं. मग त्यांनी त्या वाक्याआधी एक छोटं वाक्य ठेवून पाहिलं, मुसलमान कष्टाळू असतात, अशा प्रकारचं. सर्वांत परिणामकारक ठरलेली सहा चांगली विशेषणं वापरली, तेव्हा हिंसेचं प्रमाण सहासष्टवरून वीस टक्क्यांवर आलं. तरीही ते इतर धर्मांपेक्षा जास्तच राहिलं.

या चाचणीतून मला दोन गोष्टी समजल्या. मॉडेलनं ज्या मजकुरातून भाषा उचलली, त्यातला आकसही त्यानं भाषेबरोबरच उचलला. नट कुलपात आहे म्हणून तो निर्मळ आहे असं नाही. आणि दुसरी म्हणजे, आधी ठेवलेल्या दोनचार शब्दांत केवढी ताकद असते! चांगल्या विशेषणानं सहासष्टचे वीस झाले, तसं एखाद्या वाईट प्रॉम्प्टनं विसाचे सहासष्टही होऊ शकतील. शब्दांतला प्रॉम्प्ट निदान वाचता तरी येतो. शिकवलेल्या माळांचा प्रॉम्प्ट वाचता येत नाही. लेस्टर आणि सहकाऱ्यांनी त्या माळांच्या जवळपास कोणते शब्द येतात हे शोधून पाहिलं, तेव्हा एकसारख्या अर्थाचे शब्द गटागटानं सापडले, पण सगळ्या माळा सलग वाचून काही अर्थ लागेना. विंगेतून काहीतरी कुजबुजलं जातं आहे, नट त्याप्रमाणे वागतो आहे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या आपल्याला मात्र ते शब्द ऐकू येत नाहीत, अशी ही परिस्थिती.

म्हणून अशा यंत्राची परीक्षा त्याच्या प्रॉम्प्टवरून घेता येत नाही, उत्तरांवरूनच घ्यावी लागते. ती घ्यायला कवी किंवा गणिती असण्याची गरज नाही. शिकवताना एकदाही न दाखवलेल्या तक्रारी वेगळ्या ठेवाव्या आणि त्यांवर यंत्र तपासावं. शंभरातल्या नव्वद तक्रारी पाण्याच्याच असतील, तर डोळे मिटून 'पाणी, पाणी' म्हणणारं यंत्रही नव्वद टक्के गुण मिळवतं. म्हणून एकूण टक्केवारीवर भुलू नये. प्रत्येक खणात किती बरोबर आणि किती चूक, हे स्वतंत्र विचारावं. मग तीच तक्रार, तेच शब्द, फक्त खालचं नाव बदलून द्यावं. रमेशच्या जागी रहीम, सुनीताच्या जागी सलमा, सदाशिव पेठेच्या जागी एखादी झोपडपट्टी. खण बदलला, तर यंत्र तक्रार वाचत नसून माणूस वाचतं आहे, असं समजावं. तीच तक्रार वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत लिहून द्यावी. आणि चार खणांच्या जोडीला पाचवा खण ठेवावा, 'नक्की सांगता येत नाही' असा. त्यात पडलेला कागद माणसानं वाचावा.

वर्गवारीत चुकलेली भेंडी फार तर भाजीत कडक लागते. चुकलेली तक्रार मात्र महिनाभर भलत्याच टेबलावर पडून राहते आणि एखाद्या गल्लीला तेवढे दिवस पाणी मिळत नाही. एखाद्याचं लिहिणं 'द्वेषपूर्ण' खणात पडलं, तर त्याचा आवाज बंद होतो आणि का बंद झाला हे त्याला कळतही नाही. अशी यंत्रं कचेऱ्यांत येणार, काही ठिकाणी आलीही आहेत. ती स्वस्त आणि हलकी झाली, तर आपल्यासारख्या भाषांना त्यांचा फायदाच आहे. पण खणांची नावं कोणी ठरवली, नमुन्यांवर शिक्के कोणी मारले आणि पाचवा खण ठेवला आहे की नाही, हे तीन प्रश्न आपण नागरिकांनी विचारत राहायला हवेत. त्यांची उत्तरं मराठीत मागायला हवीत, आणि ती आपल्याला समजतील अशा मराठीत मिळायला हवीत.